ट्रकच्या बॉडीला किती दिवस लागतात

धामणगाव बढे,
ता. ९ फेब्रुवारी १९६४

श्रीमान अर्जुनराव व्याहीबुवा यांस,

धामणगावहून इंद्रभानचा हात जोडून नमस्कार. आपली प्रकृती, विहीणबाई अन्नपूर्णाबाईंचे गुडघे आणि आपल्या तांबड्या बैलाचा खांदा या तिन्हींना आता उतार पडला असेल, असं धरून चालतो. चिरंजीव नातवानं बाळसं धरल्याचं आमच्या पुष्पाच्या पत्रात वाचलं, आनंद झाला. इकडे आम्ही ठीक आहोत. अक्षर वाकडं वाटलं तर राग मानू नये. उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं आहे, त्याची हकीकत पुढे येईलच.

आपण मुलाकडचे, मी मुलीचा बाप. तेव्हा हे तक्रार म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगतो. पण नातवाच्या बारशाला, चार पाहुण्यांदेखत, आपण बोलून गेलात की, 'आमचे व्याही म्हंजे लय न्यायी मानूस, त्यायच्या तोंडून खोटं निघतच नाई.' त्याच पंगतीत रंगरावशेठ बसलेले होते. खामगावला ज्यांच्या मोटार बॉडीच्या कारखान्यात आपले चिरंजीव आणि माझे जावई उत्तमराव लोहारकाम करतात, तेच हे. (माझ्याबरोबर मोताळ्याच्या शाळेत सातवीपर्यंत होते. गणितात माझ्या पाटीवर बघून लिहायचे.) कारखान्यात संप होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. शेठला वाटलं, हा शाळासोबती, आपल्याच बाजूचा. संघटनेच्या लोकांना वाटलं, हा उत्तमचा सासरा, आपल्याच बाजूचा. दोन्हीकडून एकाच दिवशी निरोप आला की पंच म्हणून या. व्याहीबुवा, दोन्ही पक्षांना एकच माणूस पसंत पडतो तेव्हा त्या माणसानं सरळ आजारी पडावं, एवढी अक्कल मला पन्नाशी उलटूनही आलेली नव्हती.

भांडण काय ते आधी सांगतो, कारण मलाही ते दुसऱ्या दिवशी समजलं. मोठ्या कंपनीतून ट्रक येतो तो नुसता इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा असा, उघडाबोडका. त्यावर केबिन आणि मागचा हौदा बांधायचं काम रंगरावांकडे. एका बॉडीला बारा दिवस लागायचे आणि कामगाराला रोज पावणेतीन रुपये पडायचे. मग शेठनं कारखान्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आणि पुण्याहून एक तरुण म्यानेजर आणला. त्यानं गळ्यात घड्याळ अडकवून लोकांची कामं मोजली आणि ठरवलं की बॉडी आठ दिवसांत व्हायला पाहिजे. रोज मात्र पावणेतीनच. शिवाय लघवीला कोण किती मिनिटं गेला, हेही वहीत मांडायला सुरुवात केली. त्यावर निवृत्ती म्हणून जो संघटनेचा पुढारी आहे (मोठा लोहार, हाताचा पंजा आपल्या सुपाएवढा), त्यानं चार रुपये रोज मागून हातोडा खाली ठेवला. बाकीच्या बेचाळीस जणांनीही ठेवला.

मी खामगावात उतरलो तर स्टँडवर दोन टांगे उभे. एक शेठचा, एक संघटनेचा. कोणत्याही टांग्यात बसलो असतो तर निकाल तिथंच लागला असता, म्हणून वळकटी डोक्यावर घेऊन चालत गेलो आणि मारुतीच्या देवळात उतरलो. जेवणाचं तसंच. शेठच्या घरून पुरी-बासुंदीचा डबा आला, कामगारांकडून भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा आला. एकाचं खावं तर दुसरा रुसणार. म्हणून चार दिवस मी दोन्ही वेळा दोन्ही जेवणं जेवलो. बासुंदीवर ठेचा ही काय चीज आहे, ते आपण कधी अनुभवू नये. पंच म्हणून मला जो काही त्रास झाला, त्यातला अर्धा पोटाचा होता.

सुनावणी कारखान्यातच, पत्र्याखाली. म्यानेजरनी भिंतीवर मोठमोठे कागद लावले, त्यावर रेघा. ते पुण्याचं स्वच्छ बोलत होते, "एका रिव्हेटला बावीस सेकंद लागतात. मी स्वतः मोजलेलं आहे. त्या हिशोबानं आठ दिवस हे सुद्धा सढळ आहेत." निवृत्ती उठला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं घड्याळ खरं आहे, आमी नाई म्हनत नाई. पन आमी काई घड्याळ नाई ना." मग शेठ बोलले, मग निवृत्ती बोलला, मग दोघं एकदम बोलले. मला रेघाही कळेनात आणि रिव्हेटही कळेना. मी वांगी आणि कोबी लावणारा माणूस. शेवटी म्हणालो, मला हे काम करूनच पाहू द्या.

ही माझी दुसरी चूक. (पहिली म्हणजे बारशाला आलो ती.) सकाळी आठ वाजता जावईबापूंनी माझ्या हाती हातोडा दिला. नवव्या रिव्हेटला (पत्रा सांगाड्याला जोडणारा लोखंडी खिळा, तो) हातोडा माझ्या अंगठ्यावर बसला. मग सुतारांकडे रंधा मारायला नेलं, तिथं मी फळी पातळ करायच्या ऐवजी तिरपी केली. दहा वाजता म्यानेजरनी वहीत बघून अगदी सभ्यपणे सांगितलं, "काका, आपली कार्यक्षमता अकरा टक्के आली." बेचाळीस माणसं तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. जावईबापूही हसले. त्यांनी निदान तोंड तरी फिरवायचं होतं.

तेव्हा मी चिडून म्हणालो, "मग तुम्ही करून दाखवा. पन दिवसभर. सकाळपासून सांजेलोक." मला वाटलं होतं, हे सुटाबुटातलं पोरगं मागे सरेल आणि माझी सुटका होईल. पण त्यानं कोट काढून खुंटीला टांगला आणि म्हणालं, "उद्या आठला सुरू करतो. घड्याळ तुम्ही धरा."

व्याहीबुवा, दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते खोटं वाटावं असं होतं. तो मुंबईच्या कोणत्याशा कारखान्यात तीन वर्षं उमेदवारी करून आलेला होता, आणि हे त्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं. पहिल्या तासात त्यानं निवृत्तीपेक्षा चार रिव्हेट जास्त मारले. निवृत्ती जवळ येऊन त्याच्या मनगटाकडे पाहत राहिला. शेठ तर खुर्चीतून उठून पान वाटू लागले. उत्तमराव भिंतीवर खडूनं दर तासाचा आकडा लिहीत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडे तसेच राहिले आणि मी मनातल्या मनात संपवाल्यांविरुद्ध निकाल लिहूनसुद्धा टाकला.

दुपारनंतर पत्रा तापला. शेजारी भट्टी. दोन वाजता आकडा थोडा खाली आला, तीन वाजता आणखी. म्यानेजर थांबेना. एकदा लघवीला जाऊन आला आणि येताना स्वतःच सांगितलं, "पाच मिनिटं लिहा." चार वाजता त्याचा हातोडा रिव्हेट सोडून पत्र्यावर पडायला लागला. निवृत्तीनं पाण्याचा लोटा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, "बसा घडीभर. आमीबी बसतो या टायमाले." पण तो बसला नाही. पाचच्या ठोक्याला हातोडा ठेवला तेव्हा शेवटच्या तासाचा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी होता, आणि त्याच्या दोन्ही तळहातांवर फोड होते.

तो भिंतीपुढे गेला आणि खडूचे आकडे वरून खाली वाचले. मग शेठला म्हणाला, "माझं मोजमाप चुकलं. मी रोज सकाळी नऊला मोजत होतो. तेवढ्यावरच सगळा दिवस धरला." शेठ लालबुंद झाले. "तुमी कोनाचे म्यानेजर आहा? पगार कोन देते तुमाले?" त्यावर तो म्हणाला, "आपण देता. म्हणूनच चुकीचा आकडा आपल्याला देता येत नाही." आणि फोड आलेल्या हातानं भिंतीवरच्या त्या आकड्यांखाली सही केली. खरं सांगतो, व्याहीबुवा, त्या क्षणी मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. पण पंच असल्यामुळे पडलो नाही.

मग निकाल लिहायला अर्धा तास पुरला. बॉडीला दहा दिवस, रोज साडेतीन रुपये, लघवीचा हिशोब बंद, संपाच्या दिवसांचा पगार नाही. मला वाटलं, आता दोघंही बरे म्हणतील. शेठ म्हणाले, "शाळेतले दिवस इसरला तू." निवृत्ती म्हणाला, "काका, चाराचे साडेतीन काऊन केले? मधातले आठ आने कोठी गेले?" तरी दोघांनी निकालाखाली सही केली, भोंगा झाला आणि लोक कामावर गेले. अकराव्या दिवशी पहिला ट्रक बाहेर पडल्याचं ऐकतो. (एक दिवस जास्त लागला. त्याबद्दल मला कोणी विचारू नये.) जावईबापू मला एस.टी.वर पोचवायला आले, पण वळकटी माझ्याच डोक्यावर होती आणि त्यांचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. त्यांनाही चारच पाहिजे होते. आपण त्यांना दोन शब्द सांगावेत ही विनंती.

थकलो आहे. कोणाची मजुरी ठरवायला आता ब्रह्मदेवानं बोलावलं तरी जाणार नाही. आपला मळा बरा आणि आपण बरे. मोठ्यांना नमस्कार, बाळाला गोड पापा.

आपला कृपाभिलाषी,
इंद्रभान

ता. क. — मळ्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. माझ्याकडे तोडणीला येणाऱ्या आठ बाया आहेत, बारा आणे रोजानं. मी खामगावहून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर येऊन बसल्या आणि उठेनात. त्यांची पुढारीण जनकाबाई म्हणते, "भाऊ, मोटारवाल्यायले वाढवून देल्ले, आमाले काऊन नाई? आमाले सवा रुपया पायजे." मी चौदा आणे म्हणालो, तर त्या हसल्या. दहा दिवस झाले, वांगी झाडावर जून होऊन राह्यली आहेत. पंच नेमावा असं ठरलं. मी व्याही म्हणून आपलं नाव सुचवलं, ते बायांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांना विहीणबाई अन्नपूर्णाबाई पाहिजेत. तरी त्यांना मंगळवारच्या गाडीनं पाठवून द्यावं, गुडघ्यांना शेक देण्याची व्यवस्था इथं करतो. पत्र लिहिण्याचं कारण खरं म्हणजे एवढंच.

आणखी ता. क. — वर आठ बाया लिहिलं आहे, पण धुऱ्यावर नऊ बसल्या आहेत. नववी आमच्याच घरची मंडळी, रुखमाबाई. ती म्हणते, सव्वीस वर्षं या मळ्यात राबते, रोज किती हे मले कोनी इचारलंच नाई. हा मजकूर विहीणबाईंना वाचून दाखवू नये, नाहीतर त्या इकडे यायच्या ऐवजी आपल्याच धुऱ्यावर जाऊन बसतील.