तुझ्या नावाचे शंभर शेअर

प्रिय चिगुसा,

दोन वर्षं झाली आपल्याला बोलून. नववर्षाचं कार्ड तेवढं येतं, तेही जावईबापूंच्या अक्षरात. म्हणून पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर तू ते न फोडता कपाटावर टाकशील, असं मनात आलं होतं. पण तू माझीच मुलगी आहेस. घरात बंद पाकीट पडलेलं असताना तुला चैन पडायची नाही. शिवाय आत काहीतरी टणक आहे, ते बोटांना लागलंच असेल. आधी पत्र वाच, मग ते बघ.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुर करतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. यंदा इथे हादानोत आपल्या जमिनीत भुईमूग छान आला. दोन पातेली शेंगा उकडून ठेवल्यात आणि खाणारी मी एकटी. मंगळवारची आमच्या शेअर मंडळाची बैठक अजून चालू आहे. तेच कॉफीचं दुकान, तोच जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं. कुराताकाका अजूनही चौकडीच्या वहीत शेअरचे भाव पेन्सिलीनं उतरवतात. पोस्टातून निवृत्त झाले, पण कानामागची पेन्सिल काही सुटली नाही. मिनेकोमावशी अजून मास्तरीणच आहे, आम्हा दोघांनाही मागच्या बाकावर बसवल्यासारखं बोलते. गंमत बघ, त्या दुकानात आता सिगरेट ओढायला बंदी आहे, आणि आम्ही तिथेच बसून तंबाखू कंपनीच्या शेअरवर डोकं फोडत असतो.

हो, तोच शेअर. कपाळावर आठ्या पडल्या ना? पडू देत.

त्याचा भाव आता निम्म्यावर आलाय. कंपनीनं लाभांशही कमी केला. मिनेकोमावशी म्हणाली, सिगरेट ओढणारे दरवर्षी कमी होतायत, भाव पडणार नाही तर काय होईल, लाभांशाच्या लोभानं मुद्दल घालवू नका. कुराताकाकांचं म्हणणं उलटं. भाव पडलाय म्हणूनच ठेवा, आज इतका लाभांश देतंय कोण, बँक तर व्याजाच्या नावानं नुसती मान हलवते. दोन मंगळवार दोघं भांडत होते. शेवटी मावशीनं विकले. काकांनी आणखी घेतले. मी माझे तीनशे तसेच ठेवलेत. भाव पडला की हातपाय गाळणारी बाई मी नव्हे. मला ते विकून कुठे महाल बांधायचाय? वर्षातून दोनदा पैसे येतात, त्यात माझं वाणसामान निघतं. पडला भाव तर पडू दे.

पण तुझ्या नावावरच्या शंभरांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आणि तिथे माझी गाडी अडली.

खातं कसं उघडलं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू नर्सिंगला असताना मी तुझ्या नावानं ते उघडलं. आमच्या मंडळात सगळेच तसं करायचे. कंपन्या भागधारकांना भेटी पाठवतात, आणि थोडे शेअर असले तरी भेट मिळते, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावावर थोडेथोडे घ्यायचे. मिनेकोमावशीनं तर सासूच्या नावावरही घेतले होते, आणि सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं की सून किती गुणाची, सारखी खाऊ आणते. तुझ्या नावानं तेलाचे डबे यायचे, सुक्या शेवया यायच्या, आणि मग तंबाखू कंपनीकडून, ती तयार भातही विकते ना, वाफवलेल्या भाताच्या बंद वाट्यांचं खोकं. सगळं इथे माझ्या दारात. तुझं लग्न झालं, तू नागोयाला गेलीस, आणि मी शहाणी बाई, नियम म्हणजे नियम म्हणून खात्यावर तुझा नवा पत्ता लिहून पाठवला. कागदाबरोबर खोकंही पत्ता बदलेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तीस वर्षं शेअर घेतेय, आणि चूक केली ती अशी.

खोकं तुझ्या दारात गेलं. वर कंपनीचं नाव ठसठशीत. तू छातीच्या वॉर्डातून थकून घरी आलेली, आणि सासूबाई तोवर दोन वाट्या गरम करून बसलेल्या. तू लगेच फोन केलास. तुझं वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. “आई, बाबा ज्यानं गेले त्याच्याच पैशावर तू भात जेवतेस?” आणि मी काय म्हणाले? “तांदूळ चांगला असतो गं.” फोन ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. गेल्या वर्षी पुन्हा खोकं आलं, तेही मला कळलं, कारण तुझ्या सासूबाईंनी आभाराचं पत्र पाठवलं. त्या बाईच्या मनात काही पाप नाही, तिला बोलू नकोस.

तुझ्या बाबांना सिगरेटवरून मी काही कमी बोलले नाही. पण त्यांचं लहानपण तू पाहिलं नाहीस. इथल्या या भुईमुगाच्या जमिनीत तेव्हा तंबाखू होता. शाळेतून आल्यावर पानं सुतळीत ओवायची, चिकानं बोटं काळी व्हायची, ती आठवडाभर निघायची नाहीत. त्याच पैशांतून त्यांच्या वह्या आल्या, बूट आले. मोठेपणी ओढायला लागले ते सुटलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा बाहेर जाऊन ओढायचे, पावसात छत्री धरून. मी खिडकीतून ओरडायचे आणि ते छत्री हलवून हसायचे. मला त्या माणसाचा राग येतो, आणि मंगळवारी घरी परत येताना अजून दार त्यांनीच उघडावं असंही वाटतं.

तर या मंगळवारी मी ठरवलं, तुझे शंभर विकून टाकायचे. महिनाअखेरीला कंपनी भागधारकांची यादी करते, त्याआधी विकले की पुढचं खोकं तुझ्या दारात येणार नाही, आणि पैसे तुला पाठवले की भांडण मिटेल. फॉर्म काढला. खणातून सहीच्या जागी मारायचा तुझ्या नावाचा शिक्का काढला, शाईला लावला. हा शिक्का मी तुझ्या शाळेच्या कागदांवर मारला, बँकेत मारला, तुला न विचारता कुठे कुठे मारला. त्याबद्दल मी तुझी माफी मागते. शेअरबद्दल मागत नाही. तर तो कागदावर टेकवणार, आणि हात थांबला. कारण हे शंभर शेअर विकायचा मला हक्कच नाही. ते मी घेतलेले नाहीत.

डॉक्टरांनी बाबांना छातीचा फोटो दाखवला त्याच आठवड्यात ते एकटे बसनं ब्रोकरच्या शाखेत गेले. तुझा शिक्का माझ्या खणातून न सांगता घेऊन गेले. घरी आल्यावर म्हणाले, “चाळीस वर्षं मी त्यांना पैसे दिले, आता त्यांनी माझ्या पोरीला द्यावेत.” आणि तुला सांगू नकोस म्हणाले. तुझा राग त्यांना सोसला नसता, माझ्यावरचा चालत होता. मी दोन वर्षं तो झेलला, मला काही झालं नाही. पण आता भाव पडलाय, विकायचं की ठेवायचं हे कोणीतरी ठरवायला हवं, आणि ते फक्त तू ठरवू शकतेस. कोणी दिले ते माहीत नसताना कशी ठरवशील? म्हणून हे पत्र. टणक लागतोय तो तुझा शिक्का, यापुढे तो तुझ्याकडेच राहू दे. विक, ठेव, तुझ्या मनाला येईल ते कर. फोन केलास तर मंगळवारी सकाळी करू नकोस, मी घरी नसते. सोबत तेव्हाच्या खरेदीच्या कागदाची नक्कल आहे. खालचा शिक्का बघ, वाकडा आणि अर्धाच उमटलाय. माझा शिक्का कधी वाकडा पडत नाही, तुला माहीत आहे. हा त्यांनी मारलाय.

तुझीच, हट्टी आणि वाट बघणारी,
आई