शंकरची सोमवारची हजेरी

१३ जुलै १९५८
लिहायला बसले कारण उद्या सोमवार आहे आणि शंकर घरी नाही. आमच्या शाळेचा शिपाई. मारामारीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा, अपील जबलपूरच्या हायकोर्टात. अपिलापर्यंत बाहेर आहे तो माझ्या जामिनावर, घराचे कागद माझे. अटी दोनच. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. राज्याबाहेर जायचं नाही.
त्याची बायको म्हणते, "बाघ नदीपल्याड गेले, माह्या बापाच्या धानाच्या रोवणीले. जावई नाही गेला तं लोक का म्हणतीन?"
आपण मध्य प्रदेशात, नदीपल्याड आता मुंबई राज्य, म्हटलं.
"कवापासून?"

१४ जुलै
बाघेला पूर. डोंगे बंद. पाचपर्यंत ठाण्यासमोर उभी. आला नाही. हवालदार : "बहनजी, आपका आदमी?" येईल म्हटलं.

१५ जुलै
वकील म्हणाले, ताप होता असा डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर जामीन रद्द. अपील कधी लागेल? "दोन वर्षं तरी." म्हणजे शिक्षा भोगून झाल्यावर कळणार ती द्यायला हवी होती की नाही. याच खटल्यातला मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा, पुतण्या जामिनाचा हुकूम झाला त्याच दिवशी घरी. श. ला घरजमीनवाला जामीन मिळेना, म्हणून पाच महिने आत. हुकूम दोघांचा एकच.
दाखला आणलाय. टेबलावर आहे. त्याकडे बघवत नाही.

१६ जुलै, सकाळ
श. आला. गुडघ्यापर्यंत चिखल.
"बाई, मी पळालो नाही जी. रोवणीलेच तं गेलतो."
राज्य ओलांडलंस.
"नदी ओलांडली जी. राज्य कुठी दिसलं नाही."
मग दाखल्याकडे बघून, हळू : "तापाचंच सांगा ना, बाई."
सासऱ्याच्या अख्ख्या गावानं त्याला धानाच्या बांधीत रोवणी करताना पाहिलंय. खोटं उघडं पडलं तर पुन्हा कोणी त्याला जामिनावर सोडणार नाही. म्हणून खरं सांगायचं. की माझं घर वाचावं म्हणून

संध्याकाळ
दाखला चुलीत घातला. ठाण्यात दिलं : माझा अर्ज, पानं तीन, घडलं तसं. घोंगडी एक. भाकरी, चटणी. शंकर.
ठाण्याचा मुन्शी म्हणाला, "साहब लांजी गए हैं, लौटेंगे तब देखेंगे. इसे बैठने दो."
अर्जाची पोच मागितली, मिळाली. शंकरची मागितली. माणसाची देत नाहीत म्हणे.