पातळ म्हणजे पाणी

आई, आज दुकानात आपल्या गावातल्या वरच्या आळीच्या काकूचा मुलगा आला होता. काकू तुला आठवत असेलच. घरात कुणी तिचं नाव काढलं की तू काहीतरी निमित्त करून परसात निघून जायचीस, ते शेवटपर्यंत. मुलाचेही केस आता पिकलेत. ऊसतोडीच्या टोळ्यांची ने-आण करणारी एक जुनी जीप आहे त्याच्याकडं. माझ्या दुकानासमोर त्यानं ती उभी केली तेव्हा आत कुणी खलबत्त्यात खोबरं कुटतंय की काय असा आवाज येत होता. उतरला आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन ऑइल द्या. पर दाट द्या, पान्यावानी पातळ नको." मला हसू आलं आणि चीडही आली. इतकी वर्षं अंबाजोगाईत बसून हाच धंदा करतोय, पण या मुलखाला दाटच पाहिजे. कालपरवा शोरूममधून निघालेली नाजूक गाडी असो, नाहीतर भंगारात जायच्या लायकीची, दाट द्या. वरण दाट, ताक दाट, दूध दाट, मग ऑइलच कावून पातळ? बाकीचे हे कुठं शिकले मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्या तोंडून.

तुला ती पांढरी व्हॅन आठवते ना? आपल्या गावची दूध संस्था, तू तिची चेअरमन, आणि घाटनांदूरच्या पलीकडं रस्त्याच्या शेवटाला असलेलं आपलं गाव. तिथं दूध न्यायला कुणाची गाडी यायची नाही. सायकलवर कॅन बांधून न्यावं तर शीतकरण केंद्रात पोचेपर्यंत दूध फाटायचं. तू सभेत उभी राहून सगळ्यांशी भांडलीस आणि संस्थेच्या नावावर व्हॅन आणलीस. गाडी दिसायला टपरीसारखी, पण आत मोटारीचंच इंजिन. तिला हार घातला, नारळ फोडला, आणि चालवायला मला बसवलंस. "ही गाडी चालली तर डेअरी चालंल, डेअरी चालली तर गाव उसाला जानार न्हाई," असं तू त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस. त्यानंतर ते वाक्य माझ्या मानगुटीवरच बसलं. गाडी जरा कुठं खाकरली तरी मी उतरून इंजिनाला कान लावायचो.

पहिलं ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा बीडच्या शोरूममधला माणूस दहा-तीस नंबरचा डबा घेऊन आला. तू झाकण उघडून दोन बोटांत थेंब घेतलास आणि बोटं हळूहळू लांब केलीस. दिवाळीच्या बुंदीचा पाक बघायचीस तसंच. तार काही आली नाही. तू म्हणालीस, "आरं, हे तर पानी हाय! आमाला येड्यात काढतोय का?" मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून दाखवलं. पहिला आकडा गारठ्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा, आणि या गाडीत ऑइल फिरायच्या वाटा केसाएवढ्या बारीक आहेत म्हणून पातळच पाहिजे, हे वाचून सांगितलं. तू पुस्तक माझ्या हातातून घेतलंस, मिटलंस आणि म्हणालीस, "हे ज्यानं लिवलं त्यानं आपलं ऊन बघितलंय का?" मग आपण घाटनांदूरच्या मिस्त्रीचाचाकडं गेलो. चाचा बाकी मोठा कारागीर, पण गिऱ्हाइकाचं मन मोडायचं त्याच्या जिवावर यायचं. तो तुझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "बराबर हाय बाई, आपल्या उन्हाला दाटच बरं." झालं. वीस-पन्नास नंबरचं दाट ऑइल गाडीत गेलं, आणि पुढंही तेच जात राहिलं.

मला अजून नवल वाटतं ते तुझंच. उकळता पाक पातळ दिसतो आणि गार झाला की दगड होतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? संक्रांतीच्या गुळाच्या पाकात मी एकदा घाई केली तेव्हा तू उलथण्यानं माझ्या हातावर मारलं होतंस. "गारठ्यात कसा होईल ते आधी बघ, मग चुलीवरून काढ," म्हणाली होतीस. तेवढंच ऑइललाही लावायचं होतं, आई. हिवाळ्यात पहाटे मी चावी फिरवतोय, इंजिन कण्हतंय, आणि सुरू झालं की वरून टकटक टकटक. तुझं ते दाट ऑइल खाली घट्ट बसून राहायचं, वर चढायला वेळ घ्यायचं, आणि तोवर लोखंड लोखंडावर कोरडं घासायचं. मी तक्रार केली की तू शालीतून हात बाहेर न काढता म्हणायचीस, "मानसं कुडकुडत्यात, गाडी कुडकुडली तर काय झालं?"

पण तुझा हट्ट नुसता हट्ट नव्हता, हे मला नंतर कळलं. तुझा सगळा दिवस पातळ आणि दाट यांच्या भांडणात जायचा. डेअरीच्या ओट्यावर तू तो काचेचा लॅक्टोमीटर घेऊन बसायचीस. गाव त्याला डिग्रीच म्हणायचं. दूध चांगलं असलं की नळी वर तरंगायची, पाणी घातलेलं असलं की खोल बुडायची. मग तू म्हणायचीस, "डिग्री लागत न्हाई," आणि दूध परत. पाटलाचं असो नाहीतर पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्याचं, परत म्हणजे परत. म्हणून तर आपल्या दुधाला केंद्रावर मान होता. पातळ म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे लबाडी, एवढं सरळ गणित होतं तुझं. ऑइलनं त्यात आगाऊपणा करावा हे तुला पटणारच नव्हतं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. गणपतीच्या पावसानं वाट बघायला लावली आणि तो आलाच नाही. कडबा मिळेना, विहिरींचा तळ दिसायला लागला, जनावरांच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या. आणि ओट्यावरची डिग्री रोज थोडी थोडी जास्त बुडायला लागली. तुला वाटलं, लोक अडचणीत आहेत म्हणून पाणी घालतायत. तू आणखी कडक झालीस. काकूचं दूध तू सकाळ-संध्याकाळ परत करायला लागलीस. एकदा ती ओट्यासमोर कॅन घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, ढोराच्या पोटातच काय न्हाई, तर दुधात कुठून येईल?" तू म्हणालीस, "डिग्री काय माझी जाऊ हाय का, तुझ्यावर राग धरायला? लागत न्हाई म्हंजे पानी हाय." लोक हसले. काकूनं ते दूध तिथंच नालीत ओतलं, आणि रिकामा कॅन वाजत वाजत वरच्या आळीकडं गेला. ती परत ओट्यावर आली नाही.

आपलं दूध तू नेहमी सगळ्यांच्या शेवटी लावायचीस. त्या सकाळीही तसंच केलंस. गाईची धार तू स्वतः काढली होतीस, बादली कुणाच्या हातात दिली नव्हतीस. नळी सोडली आणि ती बुडाली. तू ती पुसलीस, परत सोडलीस. परत बुडाली. मी कॅन व्हॅनमध्ये चढवत होतो. तुझा हात नळीवर तसाच राहिलेला मला दिसतोय, आजही. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई, घरचंच हाय." तू म्हणालीस, "घरचं हाय म्हनून तर." आणि आपली बादली उचलून बाजूला ठेवलीस. मग पदर नीट केलास आणि सरळ वरच्या आळीला चालत गेलीस. मी मागून आलो. काकूच्या दाराला कुलूप होतं, उंबऱ्यासमोर बाभळीची काटी लावलेली होती. शेजारणीनं सांगितलं, गाय बाजारात इकली आणि टोळीबरोबर कारखान्याला गेले. तू त्या काटीकडं बघत उभी राहिलीस. मी म्हणालो, "आई, चल, दूध फाटंल." तू आलीस.

त्या दिवशी केंद्रावरून परतताना तू मला चाचाकडं गाडी थांबवायला सांगितलीस. ऑइल बदलायची वेळ झालीच होती. चाचानं नेहमीचं वीस-पन्नास काढलं तर तू म्हणालीस, "ते नको. पुस्तकात लिवलेलं पातळ टाक." चाचानं इंजिनाला कान लावला आणि मान हलवली. या खेपेला त्यानं तुझ्या मनाकडं बघितलं नाही. "बाई, आता न्हाई. तवा पातळ चाललं असतं. आता आत घासून घासून फटी झाल्यात, पातळ त्यातून निसटून जाईल. आता दाटच धरून ठेवतंय तिला." मीही तेच म्हणालो. तुझा आवाज इतका चढला की शेजारच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "दाट दाट करून मी मानसं घालवली! टाक म्हनते ना पातळ!" चाचानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि त्यानं पातळ ओतलं. तू काकूची माफी मागत होतीस, आई, पण इंजिनाकडं. आणि इंजिनाला त्यातलं काय कळणार?

पुढं काही दिवस गाडी आवाज करत करत चालली. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, मी खड्डा चुकवावा तशी नजर चुकवायचो. अंबाजोगाईच्या अलीकडच्या चढावर एकदा आतून घणाचा घाव बसल्यासारखं वाजलं आणि गाडी जागेवर थांबली. इंजिन जाम. आजूबाजूला सावलीला झाड नव्हतं. कॅन उन्हात तापत राहिले, आणि मदतीला ट्रॅक्टर मिळेपर्यंत सगळं दूध फाटलं. संस्था तिथंच संपली. पण खरं सांगू का? त्या दिवशी गाडीत जेवढे कॅन होते त्यातले निम्मे रिकामेच होते. जनावरं चारा छावणीत गेली होती, माणसं उसाला. दाट टाकलं असतं तर गाडी आणखी काही महिने चालली असती, इतकंच. न्यायला दूध कुठं होतं? तू मात्र शेवटच्या आजारपणातही विचारायचीस, "पातळ टाकायला नको होतं का रे?" मी म्हणायचो, गाडीच मुळात खराब होती. तू मान फिरवायचीस. तुला खोटं लगेच कळायचं, त्याला डिग्री लागायची नाही.

डेअरीच्या खोलीत आता कुणीतरी शेळ्या बांधतं. तुझी काचेची नळी तेवढी मी आणलेली आहे, दुकानात उदबत्तीच्या घराशेजारी उभी ठेवली आहे. काकूच्या मुलाची नजर आज तिच्यावर गेली. "ही डिग्री ना?" म्हणाला. "माय जाईपत्तर म्हनत व्हती, आमच्या दुधात पानी न्हवतं." म्हणजे काकूही गेली, आई. मी म्हणालो, "माझ्या आईला कळलं होतं ते. ती तुमच्या दारापर्यंत आली होती." तो वळला. "मग बोलल्या कावून न्हाईत?" मी म्हणालो, तुमच्या दाराला कुलूप होतं. त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "भाऊ, आमी काय मेलतो का? ऊस तोडाया गेलतो. पाडव्याला माघारी आलो." पाडव्यानंतरही ते दार होतं, ती आळी होती, आणि तुझ्या पायांना ती वाट ठाऊक होती. मी त्याला वीस-पन्नास दिलं. त्याच्या जीपला तेच लागतं, याला माझा इलाज नाही. तो गेला, खलबत्ता वाजवत.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी सगळ्यात दाट ऑइलचा डबा फोडला, उंच भांड्यात ओतला आणि तुझी नळी त्यात सोडली. इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. वाटलं, एवढ्या दाट ऑइलवर ती बाटलीच्या बुचासारखी तरंगेल. ती बुडाली, आई. अगदी सावकाश, पण कुठंही न थांबता, तळाला जाऊन टेकली. तेल कितीही दाट असो, पाण्याहून हलकंच, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. ती मोजायची नुसता जडपणा; दाटपणा तिला मोजता येतच नव्हता, कधीच येत नव्हता. तुझ्या डिग्रीनं जिल्ह्यातलं सगळ्यात दाट ऑइलसुद्धा पाणी म्हणून परत केलं असतं. आणि आपण तिच्या भरवशावर माणसं परत केली.

हे मी ऑइलच्या खोक्यात येणाऱ्या जाड कागदावर लिहितोय. कुठं टाकायचं हे पत्र, तुझ्याकडं की काकूकडं, ते ठरत नाही, आणि दोघींनाही आता टपाल येत नाही. एक सांगायचं राहिलं. तुझी नळी मी खराब केली. साबणानं धुतली, राखेनं घासली, पण ऑइलचा वास जात नाही. आता ती कुणाच्या दुधात घालता यायची नाही. अजून चिकट लागतेय हाताला, आणि पुसायला हाच एक कागद आहे.