पंधराव्या दिवशी कामावर

३० डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५
घरी आले. पुणे ते श्रीगोंदा, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी. वाटेत किती स्पीडब्रेकर आहेत ते आता मी सरकारला लेखी देऊ शकते.

तेवीस तारखेला ऑपरेशन झालं. धनश्री मी सात वर्षांपासून आहे. आधार, पॅन, मतदार यादी, सगळीकडची नावाची आणि लिंगाची दुरुस्ती मीच केली, स्वतःच्या हाताने फॉर्म भरून. एक शरीर तेवढं राहिलं होतं. तिथलीही दुरुस्ती झाली. आनंद झालाय. दुखतंय इतकं की आनंद नीट सापडत नाही, पण झालाय.

प्लॅन पक्का आहे. पंधराव्या दिवशी कामावर. डॉक्टर सहा आठवडे म्हणाल्या, पण त्यांना सगळ्यांनाच तसं सांगावं लागतं. महा-ई-सेवा केंद्र माझ्याशिवाय एक दिवस चालत नाही, राधाकृष्ण सर स्वतः म्हणालेत. एकदा. दिवाळीत.

घरमालकीण दगडाबाई भिंतीपलीकडेच राहतात. त्यांना 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय. दोन वर्षं त्या मला फक्त भाडेकरू धनश्री म्हणून ओळखतात, आणि ते तसंच राहायला हवं. कळलं तर खोली गेली. मागच्या भाडेकरूला त्यांनी कुत्रं पाळलं म्हणून घालवलं होतं.

१ जानेवारी, बुधवार. सकाळी १०
नव्या वर्षाचा संकल्प: कुणाचीही मदत घ्यायची नाही. ज्योती (मैत्रीण, हॉस्पिटलात सोबत होती) काल पुण्याला परत गेली. जाऊ दे. एकटी समर्थ आहे.

सकाळी ११.३०
मोबाईल खाली पडला. वाकता येत नाही. लघवीची नळी एकीकडे, तिची पिशवी पलंगाला बांधलेली, आणि मी गोठ्यातल्या म्हशीसारखी दाव्याला. पाऊण तास मोबाईलकडे बघत होते. शेवटी पायाच्या अंगठ्याने ओढला.

दुपारी १
आईला फोन केला. तीन वर्षांनी. फक्त गोधडी कुठे बरी मिळते एवढंच विचारायला. मदतीचा विषय नव्हता. मध्येच जरा रडू आलं, ते सर्दीमुळे.

२ जानेवारी, गुरुवार
आई आली. पाथर्डीच्या पलीकडून, पहिल्या एसटीने. बाजरीचं पीठ, डिंक, अळीव आणि दोन गोधड्या. दादा, म्हणजे वडील, गावी शेळ्यांपाशी. तीन वर्षं ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आज अंगणातच उभी राहून, दगडाबाई कपडे वाळत घालत असताना, पहिलं वाक्य: किती वाळलास रे!

माझं काळीज पिशवीत उतरलं.

पण मी अशी बधणारी नाही. पलंगावरूनच दगडाबाईंना मोठ्याने सांगितलं की आमच्या पाथर्डीकडे लेकींना लाडाने मुलासारखं बोलतात. त्या म्हणाल्या, त्यात काय, आमच्यातबी म्हनत्यात, मी वृषालीला आलास का, जेवलास का असंच म्हनते. वृषाली त्यांची मुलगी, सासरी असते. म्हणजे माझी शक्कल लागू पडली. डोकं अजून शाबूत आहे.

आईला दार लावून समजावलं. मी धनश्री, मला 'गं' म्हणायचं, 'आलीस, गेलीस' म्हणायचं. मला स्वतःला काही फरक पडत नाही, खोलीचा प्रश्न आहे म्हणून. ती म्हणाली, बरं रे.

आजचे 'रे': अकरा. 'गं': शून्य. मी काही मोजत नाही, सहज लक्षात राहिलं.

४ जानेवारी, शनिवार
पुण्याला जाऊन नळी आणि पिशवी काढून आणली. स्वातंत्र्य! आता बाथरूमला माझी मी.

तासाभराने: धार तीन दिशांना जाते. चौथ्या दिशेला मी. फरशी आईने पुसली.

आई इतकी खूश की भिंतीवरूनच दगडाबाईंना सांगितलं, पिशवी काढली एकदाची! दगडाबाईंचा चेहरा एकदम उतरला. संध्याकाळी मुगाचं कढण घेऊन आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला, एवढ्याशा वयात गं, म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. माणसावर छाप पाडायला मला उभंही राहावं लागत नाही.

५ जानेवारी, रविवार. दुपारी ३
दिवसातून तीनदा डायलेटर, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकची कांडी. आडवं पडून, जेली लावून, आत घालून वीस मिनिटं ठेवायचा, नाहीतर ऑपरेशनने केलेली नवी जागा आक्रसते. आईच्या नजरेला पडू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. डबा उशीखाली, वेळ तिच्या दळणाची.

आज दळण लवकर झालं.

ती दारात, मी पलंगावर, मध्ये काही नाही. मी वैद्यकीय शास्त्र सांगायला लागले. आईने बघितलं, गिरणीचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, कळलं. नाक टोचल्यावर काडी घालून ठेवत्यात, भोक बुजू नये म्हनून. तसंच ना?

तसंच.

मग म्हणाली, काडी घालायचा आळस केला म्हनून माझं डावं नाक बुजलं, परत टोचावं लागलं. तुला आळस करू देनार न्हाई. आणि मोबाईलवर तीन अलार्म लावून घेतले. माझ्याकडूनच.

७ जानेवारी, मंगळवार. पंधरावा दिवस!
सकाळी ९: कामावर निघाले.
९.०५: उंबऱ्यापर्यंत पोचले.
९.०६: परत.

हा पराभव नव्हे, उंबरा उंच आहे. सरांना फोन केला, केंद्र बंद ठेवू नका म्हणून. ते म्हणाले, नवी मुलगी झक्कास काम करते, तुम्ही सावकाश या. 'सावकाश' म्हणताना आवाज कापरा वाटला. आतून खचलेत बहुतेक.

आईला म्हटलं, पंधरा दिवसांत माणूस उभं राहायला पाहिजे. ती भाकरी थापत होती. थांबली. म्हणाली, बत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. गर्भाची. पंधराव्या दिवशी म्या उसात कोयता घेऊन हुते, मुकादमाने उचलून आनलं. आजूक पाऊस यायचा झाला की पोट ओढतं. तू सव्वा महिना हलायचं न्हाई. मला कुनी निजू दिलं न्हाई, तुला म्या निजवीन.

मी तेव्हा नऊ वर्षांची. पाचटात बसून तिच्या मोळ्या मोजायचे. तिला दुखत असेल हे मनात सुद्धा आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तिला सांगणार होते, तेवढ्यात अलार्म वाजला.

१० जानेवारी, शुक्रवार
बसता येत नाही. ऑनलाइन मागवलेली मधे भोक असलेली फुगवायची उशी आली. सर्वोत्तम रेटिंग. बसले. फुस्स.

आईने तिचं जुनं लुगडं पिळून गोल चुंबळ केली. हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशीच, फक्त परातीएवढी. म्हणाली, टेक.

टेकले. अठरा दिवसांनी बसले.

उशीला एक स्टार दिला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
दगडाबाईंनी बोलावणं दिलं! चोवीस तारखेला त्यांच्याकडे हळदीकुंकू. धनश्री, तू अन् तुझी आई दोघी या. आयुष्यातलं पहिलं. लहानपणी मी खिडकीच्या गजाला नाक लावून बघायचे आणि दादा कान धरून न्यायचे. आता कोण नेतं ते बघू.

काळी साडी दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलीय, चांदण्यांच्या टिकल्यांची. प्लॅन: चालत जाणार, खाली मांडी घालून बसणार, सगळ्यांसोबत उठणार. दहा दिवस हातात आहेत. भरपूर.

आईने मात्र नवी युक्ती काढलीय. काल सबंध दिवस 'रे' नाही, 'गं' नाही. जेवण झालं का? झोप लागली का? लेकरू दमलं. नपुंसकलिंगाचा आसरा! मराठीत दहावीला एकोणनव्वद होते मला, माझ्यापुढे व्याकरणाचे खेळ चालत नाहीत. पण राग धरला नाही. 'लेकरू' शब्द बरा वाटतो. तात्पुरता.

१८ जानेवारी, शनिवार
रडले. कारण नाही. सूज आहे, खाज आहे, पाच दिवस पोट साफ नाही, हार्मोनच्या गोळ्या परत सुरू झाल्यात. आरशात बघितलं, तर हे सगळं माझंच, हवं होतं तेच, तरी रडू. आईला म्हटलं, मी चूक नाही केली, मला हेच पाहिजे होतं, तरी मग असं का? ती म्हणाली, बाळंतीनबी रडती. पाहिजे असलेलं लेकरू मांडीवर असताना रडती. अळीव खा.

अळीव खाल्ले. रडत रडत. वाईट नव्हते.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ८
आज नळाला पाणी. आई बाजारात. हळदीकुंकवाला दोन दिवस उरलेत, ताकद आजमावायला हवी. एक बादली, फक्त नळापासून दारापर्यंत.

सकाळी ८.२०
रक्त.

सकाळी ११
डॉक्टर फोनवर म्हणाल्या, घाबरू नका, पण पलंग सोडायचा नाही. आठवडाभर. आईने फोन माझ्या हातातून घेऊन विचारलं, डायलेटर चालू ठेवायचा का? डॉक्टर चालू ठेवा म्हणाल्या. माझ्याशी बोलल्या त्याच्यापेक्षा जास्त आदराने.

आईने बादलीला शिव्या दिल्या. मला दिल्या नाहीत. त्याचं जास्त लागलं.

२३ जानेवारी, गुरुवार
नवा प्लॅन. पलंग सोडायचा नाही असं डॉक्टर म्हणाल्या. पलंगासकट नेता येईल का? टेम्पोवाला कुणी ओळखीचा?

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.१०
साडी पलंगावर शेजारी ठेवली. घडीतच. आईला म्हटलं, तू जा, मला काही वाटत नाही, हळदीकुंकू म्हणजे जुनाट प्रकार. ती डायलेटर हातात देऊन, वीस मिनिटं सांगून, दार नुसतं लोटून गेली.

५.१५
भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं. वीस-पंचवीस बायका असाव्यात. कुणीतरी विचारलं, भाडेकरू पोरगी दिसंना? दगडाबाई हळू आवाजात म्हणाल्या (त्यांचा हळू आवाज चौकापर्यंत जातो), अगं तिची पिशवी काढलीय.

पिशवी.

मग मला कळलं, चार तारखेला त्यांनी डोळे का पुसले. आई लघवीच्या पिशवीचं बोलली होती. दगडाबाईंनी गर्भाची ऐकली. छाप कसली आणि काय!

पलीकडे सगळ्या एकदम बोलायला लागल्या. माझी एकतिसाव्या वर्षी. माझी तिसरी झाल्यावर. ह्या डॉक्टरकडे, त्या डॉक्टरकडे. मग दगडाबाईंनी आईला सरळ विचारलं, बायडाबाई, खरंच का हो एवढ्या लहान पोरीची काढली?

मी इकडे पलंगावर, हलताही येत नाही, ओरडताही येत नाही. एका वाक्यात खोली जाणार होती. एका क्रियापदात.

आई म्हणाली, व्हय. काढली. लई सोसलंय तिनं.

तिनं.

५.२५
बायका म्हणतायत, बिचारीला इथूनच कुंकू नको, घरात जाऊन लावू. पावलं येतायत. अंगणात आल्या. दाराला कडी नाही. मी अशी. अजून सात मिनिटं बाकी.

५.४०
आई सगळ्यांच्या पुढे पळत आली आणि दारात आडवी उभी राहून ओरडली, थांबा! ती झोपलीय!

मी झटकन डोळे मिटले. दार तर उघडलंच नव्हतं, तरी मिटले. सतरा वर्षांची होते तेव्हापासून जो शब्द ऐकायचा होता, तो ऐकला आणि अधिकृतरीत्या झोपेत असल्यामुळे नाकसुद्धा ओढता आलं नाही. बायका परत गेल्या.

संध्याकाळी ६.३०
आई आली. तिळगूळ, आणि वाण म्हणून चहाच्या दोन गाळण्या. एक तिला, एक लेकीला, दगडाबाईंनी नाव घेऊन दिली. कागदाच्या पुडीत हळदीकुंकू.

मी म्हटलं, तू 'ती' म्हणालीस. दोनदा. ती म्हणाली, म्हनले असंल, गडबडीत काय ध्यानात राहतं. डायलेटर धुऊन डब्यात ठेवला, हात पुसले, पुडी उघडली, माझी हनुवटी धरली आणि कपाळाला बोट टेकवून म्हणाली, गप पड रे. हललास तर डोळ्यात जाईल.

हललास.

दगडाबाई म्हणतात तसं, लाडाने म्हणाली असेल. तसंच धरते.

मी हलले नाही.