मिठाची पुरचुंडी

वरोर,
१४ नोव्हेंबर २०२४

लाडक्या मुक्तीस,

ताईचा आशीर्वाद, आणि आपल्या दोघींच्या एअर रायफललाही माझा नमस्कार सांग. इकडे सगळे मजेत. बाबांची होडी काल आली, बोंबील बरे मिळाले, अंगणातल्या बोंबील वाळवायच्या वलांड्या भरून गेल्या आहेत. नेमबाजीच्या कॅम्पात तुमचे फोन काढून घेतले, म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या जतीनच्या हाती पाठवतेय. सोबत पेलेटचा, आपल्या शिशाच्या छर्‍यांचा डबा आहे. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

गावात तुझं नाव झालंय. बाजारात कुणी भाव विचारला की आई आधी 'माझी धाकटी स्टेटला खेळते' हे सांगते, मग भाव सांगते. आणि चढवूनच सांगते.

आता भांडण. जाताना तू आईला अडाणी म्हणालीस. पावसाळ्यात तिने पेलेटच्या डब्यांत मिठाची पुरचुंडी ठेवली, तीनांतले दोन डबे पांढरे पडले, हे खरं. पण का ठेवली? "मिठात काय नासलंय का गं आजवर?" म्हणाली. आपल्या घरात जे टिकवायचं ते मिठात जातं. शिशाला मीठ सोसत नाही, हे आपले कोच धर्मेश सर यांनी सांगेपर्यंत तुला तरी कुठे ठाऊक होतं? त्या दिवसापासून आई डब्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. मला तुझा राग आला होता. अजून आहे थोडा.

त्या लॉटचे, त्याच खेपेत बनलेले पेलेट आता मिळत नाहीत. सरांनी मुंबईपर्यंत विचारलं. दुसऱ्या लॉटने मारलं की आपल्या रायफलची भोकं कागदावर कशी पांगतात, ते तू पाहिलंयस. म्हणून वाचलेला तिसरा डबा मी पाटावर ओतला आणि एकेक पेलेट तिरप्या काचेवरून घरंगळत सोडला. नीट असेल तो गोल वळण घेत जातो, मागचा घेर दबलेला असेल तो लंगडतो. लंगडे काढले, पांढुरके काढले. उरले ते रविवारच्या एका मॅचपुरते.

ते सगळे तुझ्याकडे आलेत.

शिसं मऊ असतं, धक्क्यानेही घेर दबतात. जतीनला बजावलंय, डबा मांडीवर धर, झोपलास तर खबरदार. पेलेट आत हलू नयेत म्हणून सुती साडीचा तुकडा घातलाय. तो आईनेच धुऊन, वाळवून दिला, तोही दारातूनच. "मीठ नाय लागलं त्याला, बघून घे," म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. आणि हो, पेलेटला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय सोबतच्या चिवड्याच्या डब्यात घालू नकोस, शिसं विषारी असतं.

आता तू विचारशील, ताई, तू कशाने मारणार? रविवारी तुझ्यामागच्या फेरीत, त्याच रायफलवर मीही आहे ना! तलासरीच्या दर्शनने त्याचे साधे पेलेट दिलेत, ते चालतील. अर्धे मला ठेवायचा शहाणपणा करू नकोस, अर्ध्यांत दोघींचंही वाटोळं होईल. डबा बंद करताना माझा हात अडला, खोटं कशाला सांगू? मलाही जिंकायचंय. पण तुझा नेम माझ्यापेक्षा सरस आहे. हे लिहून देतेय, तोंडाने कधी म्हणणार नाही. तुझी ताई आहे म्हणून मी गावात मान वर करून चालते.

फार फुगू नकोस. साध्या पेलेटने मी तुझ्या पुढे गेले, तर ते तुला जन्मभर ऐकवीन.

बदल्यात एकच हवंय. रविवारी आईला घेऊन येतेय. ती नकोच म्हणत होती, 'माझी सावली नको त्या डब्यावर' म्हणाली. मी ऐकलं नाही. तू नेमाला उभी राहण्याआधी डबा तिच्या हातात दे, आणि पहिला पेलेट तिच्याकडून माग. सगळ्यांसमोर माग. हात तिने धुतलेले असतील, ती जबाबदारी माझी.

तुझी ताई,
रविवारपुरती वैरीण,
लतिका