डोळ्यांनी घेतलेला वास

८ एप्रिल
कांडपावर सकाळपासून गर्दी. मिरचीचा ठसका लागतो, वास मात्र येत नाही. थंडीतल्या तापानं नाक गेलं ते गेलंच. हे फक्त मंगलला ठाऊक, माझ्या धाकट्या जावेला. गिऱ्हाईक मसाल्याचे जिन्नस आणतं, एकेक पुडा माझ्या नाकाशी धरतं. मी 'हं' म्हटल्याशिवाय भाजायला टाकायचं नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. आता मी नुसतं हुंगल्यासारखं करते. खरा वास म. घेते, शेजारी उभी राहून. माल बिघडलेला असला की हळूच माझा पदर ओढते. चाललंय.

१३ एप्रिल
आज दगडफूल बघितलं आणि वास आला! डोळ्यांत पाणीच आलं. धावत जाऊन म.ला सांगितलं. ती म्हणाली, "डोळे मिटून बघा, ताई."
मिटले. काही नाही. उघडले, पुन्हा आला, पुसटसा. म्हणजे डोळे आठवण करून देतात आणि नाक बिचारं हो ला हो करतं. लवंग, जायपत्री, सगळ्यांचं तेच. डब्याला झाकण असलं की मी ठार आंधळी. दुपारभर चिडचिड. म.वरही उगाच खेकसले.

१९ एप्रिल
सिल्लोडच्या नसरीनआपा. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. वर्षाचा मसाला, त्यातलाच लेकीच्या सासरीही द्यायचा. खोबरं वाटेत घेतलेलं, पुडा इथंच फोडला. पांढरंशुभ्र. मला तर गोड वास आला, अगदी हवाहवासा. पदर काही ओढला गेला नाही. 'हं' म्हटलं.

२६ एप्रिल
आपा आल्या त्या डबा आपटतच. "सुनंदा, खोबरं खवट व्हतं गं! पोरीची सास मुँह पे बोली, कसला मसाला आणला म्हणून. मी तर आँख बंद करके तुझ्या नाकावर सोडलं व्हतं." भरल्या गिऱ्हाइकात. म. मान खाली घालून मिरच्यांचे देठ मोडत होती.
नंतर विचारलं. म्हणाली, "मलाबी नाय आला वास. दिसायला लई चांगलं होतं, फसले मी."
असेलही. मला नाही का फसवलं डोळ्यांनी?
पण मन खात राहिलं. आपांच्या पुड्यातला एक तुकडा फळीवर राहिला होता, तो झाकून ठेवला.

२७ एप्रिल
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म.च्या डोळ्यांवर तिचाच पदर बांधला. हसली, वाटलं खेळ आहे. धने धरले. "धने." शहाजिरं. "शहाजिरं." तमालपत्र न चुरगळता धरलं, तेही ओळखलं. शेवटी तो तुकडा, नाकापासून चांगला हातभर लांब धरून.
"शी, खवट खोबरं."
डोळ्यांवरचा पदर सोडला तिनं.
मला रडूच फुटलं. का गं, म्हटलं.
"जो तो सुनंदाताईचं नाक म्हणतो. थंडीपासून उभी आहे मी इथं. एकदा तरी माझं नाव निघालं तुमच्या तोंडून?"
नव्हतं निघालं. ते मान्य. पण भांडायचंस ना माझ्याशी! आपांनी काय घोडं मारलं होतं? एवढं एकच गुपित होतं, ते विश्वासानं तुझ्या हाती दिलं आणि तू केसानं गळा कापलास.

२८ एप्रिल
म. आली. काही झालंच नाही अशी नेहमीच्या जागी उभी. बिडकीनच्या एका बाईंनी खसखशीचा पुडा नाकाशी धरला. पदर ओढला गेला. आता हे तरी खरं मानू का? बघायला खसखस छान आणि मला वासही छानच येतोय. कशाचा भरवसा धरू, डोळ्यांचा, नाकाचा, की हिचा?
तोंडून निघूनच गेलं, "बाई, मला वास येत नाही. थंडीपासून."
बाकीच्या बायकांनी माना वळवल्या. यंत्र तेवढं दणदणत होतं.
बाई म्हणाल्या, "मंग इतके दिवस वास कोण घेत व्हतं?"
म. माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगायचं होतं ते एक नाव. पण जीभ उचलली नाही.
बाई पुडा तसाच टाकून गेल्या. खसखस इथंच आहे, उघडी.