नारळ कुठे फोडायचा

साजगाव, २१ सप्टें. १९८७
जपानी मशीनवरचा माल गिऱ्हाइकाकडून परत आला. गोल भोक पाडायला सांगितलं की लांबट लिंबू पाडतंय. शेठ सगळ्यांदेखत काशिनाथवर ओरडले, "गावी कळंबला जाऊन भात काप!" त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं.
"तात्या, माझा हात नाय चुकला. तुमी बघा." बघतो म्हणालो.

२३ सप्टें.
प्रोग्रॅम बरोबर. स्वतः चालवलं, तरी लिंबूच. म्हणजे काशिनाथ नव्हे. शेठ म्हणतात, "मग काय ते दाखवा." पॅकिंगमधल्या सखूने काशिनाथचं नाव ठेवलंय, लिंबूवाला. सगळे तेच म्हणतात.

२५ सप्टें.
मशीनच्या सरकत्या टेबलाला डायल गेज लावला, केसाएवढा फरकही सुईवर दाखवणारा. टेबल थोडं पुढे, तेवढंच मागे. दोन्ही कडांना सुई जागेवर येते. मधोमध येत नाही. उलटं फिरताना टेबल किंचित अडतं, मग झटका. मशीनमध्ये भरलेला ढिलाईचा आकडा वाढवून मध्य जुळवला, तर कडा बिघडल्या. साधी झीज अशी नसते. एकाच जागी काहीतरी—

२८ सप्टें.
टेबलाखालचं पत्र्याचं कव्हर काढलं. टेबल सरकवणारा स्क्रू मधोमध गंजून खरवडलेला. शेजारी करवंटीचा तुकडा, कुंकवाचा चिखल.
गेल्या खंडेनवमीचा नारळ. जुन्या लेथवर आम्ही लोखंडी बेडवरच फोडतो. तिथे सगळं उघडं, पुसलं की झालं. इथे पाणी फटीतून आत. फोडला शेठच्या वडिलांनी, दादांनी. आम्ही सगळे हात जोडून उभे.

२९ सप्टें.
शेठना करवंटी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली. मग, "स्क्रू मागवतो. काशिनाथला परत घ्या. दादांच्या कानावर मात्र नको. खचतील हो."
वाटलं, काशिनाथला आनंद होईल. "बोलले चार मानसांत, आन् घेतात गुपचूप? चूक माझी नाय, येवढं तितंच बोला. नायतर पॅकिंग बरी."
सखू म्हणाली, "एवढा ताठा नको रं, लिंबूवाल्या." तो हसला नाही.

३० सप्टें.
उद्या खंडेनवमी. मशीन उघडंच पडलंय, स्क्रूचा पत्ता नाही. संध्याकाळी दादा आले, पिशवीत भला मोठा नारळ. मशीनवरून हात फिरवला. "पोर आजारी हाय. यंदा समद्यांआदी पूजा याची. तात्या, नारळ कुटं फोडू?"
शेठ माझ्याकडे बघत होते. खोक्याला दोरी बांधता बांधता काशिनाथचा हात थांबला.
मी म्हणालो, "उद्या सांगतो, दादा. सगळे जमल्यावर."
शेठ केबिनमध्ये गेले.